ओसरीवरच्या इंग्रजी गोष्टी

मंगरूळपीर
८ नोव्हेंबर १९७४

ललिता,

पाकिटावर तुझ्या मुलाचं नाव घातलं आहे. त्याने फोडलं तर त्यालाही वाचू दे. आई पुण्यात बसून काय उद्योग करते ते मुलाला कळलेलं बरं.

काल वाशीमची गाडी उशिरा होती म्हणून स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडून नेहमीप्रमाणे एक रहस्यकथा घेतली. नाव 'अंगणातली पावलं'. कव्हरवर एक बाई किंचाळते आहे आणि तिच्यावर पिस्तूल रोखलेलं आहे. आत दोनशे पानांत कुठेही पिस्तूल नाही, पण ते चालायचंच, कव्हर काढणारा पुस्तक वाचत नसतो. लेखकाचं नाव पुरुषाचं. बाकावर बसून वाचायला लागले आणि अकराव्या पानावर थांबले. पाटलाचा खून होतो. पहाटे सुनेने अंगण सारवलेलं असतं. ओल्या सारवणावर घरात जाणारी पावलं असतात, बाहेर येणारी नसतात.

गाडी आली आणि गेली. मी बाकावरच.

ललिता, ही गोष्ट मी माझ्या ओसरीवर सांगितली होती. तिच्या मूळ इंग्रजी पुस्तकात बर्फ आहे. आसेगावच्या बायकांना बर्फ कसं सांगायचं हे मला सुचत नव्हतं. गारा म्हटलं, तर हिरीबाई म्हणाली, "गारीवर पाऊल कसं उमटन वं नर्सबाई? उमटलं तं चिखलात, नाई तं सारवनात." मी तिथल्या तिथे बर्फाचं सारवण केलं. एकोणसाठचा उन्हाळा होता, आसेगावातल्या माझ्या क्वार्टरची ओसरी, मधे शेवयांचे पाट. तू उंबऱ्याला टेकून वहीत काहीतरी लिहीत होतीस. विचारलं तर म्हणालीस, मुलांना गणितं काढते आहे. मी शाळेतल्या मास्तरणीवर विश्वास ठेवला.

म्हणजे बारा वर्षं तू माझ्या ओसरीवर बसून गणितं काढत होतीस.

पुढचं वाचलं तसं एकेक ओळखू आलं. लॉर्डचा पाटील मी केला होता. बटलरचा सालदार मी केला. इंग्रज बाई चहात विष कालवते, तर आसेगावात दुपारचा चहा कोण पितो म्हणून ते मी ताकात घातलं, आणि चंपाबाईने लगेच हरकत घेतली की ताक नासेल, मग ते आंबाडीच्या भाजीत गेलं, कारण आंबाडीच्या आंबटपणात काहीही लपतं. तुझ्या एकशे चाळिसाव्या पानावर आंबाडीची भाजी आहे. तुम्ही देशावरचे लोक आमच्यासारखी आंबाडी खात नाही, ललिता. तुझ्या पुण्याच्या प्रकाशकाला तो शब्द कळला तरी का?

कॉन्व्हेंटात आम्हाला दहा आज्ञा पाठ करायला लावत. चोरी करू नकोस ही मला मराठीत आणि इंग्रजीत अजून येते. पण मला त्याहून जास्त लागलं ते निराळं. त्या ओसरीवरच्या निम्म्या बायका माझ्या माठातलं पाणी पीत नव्हत्या. छप्पन साली दीक्षा घेऊन मी देव बदलले, त्यांनी माठाबद्दलचं मत बदललं नाही. घरून तांब्या भरून आणायच्या. गोष्ट मात्र माझ्या तोंडची चालायची. तू पहिली, जिने माझ्या चुलीवरचा चहा सगळ्यांसमोर घेतला आणि वर दुसरा कप मागितला. त्या दुसऱ्या कपावर मी तुझ्यावर इतकी वर्षं भरवसा ठेवला.

पुस्तक तू लिहिलंस की नाही, एवढंच एका ओळीत कळव.

विजयमाला

*

मंगरूळपीर
३० नोव्हेंबर १९७४

ललिता,

एक ओळ मागितली होती, तू सहा पानं पाठवलीस. कबुली पहिल्या पानाच्या शेवटी आहे, तीही कंसात. बाकी पाच पानं मलाच जबाबदार धरण्यात गेली.

तुझं म्हणणं असं की त्या गोष्टी माझ्या होत्याच कुठे, मीही त्या साहेबांच्या पुस्तकांतूनच उचलल्या. बरोबर. पण मी प्रत्येक वेळी पुस्तक मांडीवर ठेवून सांगत होते. दर दुपारी पहिलं वाक्य काय असायचं ते आठव: ही गोष्ट एका इंग्रजाने लिहिली आहे. कव्हरवर माझा फोटो छापून नव्हते सांगत. आणि तू ज्या ज्या ठिकाणी हात मारला आहेस तिथे तिथे इंग्रज नव्हताच. तिथे मी होते, हिरीबाई होती, चंपाबाई होती. चोरायचंच होतं तर इंग्रजाचं चोरायचं, त्याला कळलं नसतं.

दुसरा मुद्दा, की असल्या पुस्तकांना काय एवढं सोनं लागलं आहे, रेल्वेत वाचून टाकून द्यायच्या गोष्टी. हे तू लिहावंस? तुझ्या यजमानांपुढे तू ही पुस्तकं पोथीच्या कापडात बांधून वाचत होतीस. तेव्हा टाकून द्यायच्या नव्हत्या.

मी सगळं वाचते हे तुला माहीत आहे. कॉन्व्हेंटात आधी संतांची चरित्रं वाचली, मग ज्यांना मदर हात लावू देत नसत ती वाचली. बक्षिसं मिळालेल्या मराठी कादंबऱ्या वाचते. त्यांत बाई क्षयाने मरते आणि नायकाला त्यामुळे जीवनाचा अर्थ समजतो. बाईला काय समजलं ते लेखक विचारत नाही, तोवर ती मेलेली असते. भुताच्या कथा वाचते, त्यांत भूत बहुतेक बाईचंच असतं, म्हणजे मेल्यावरही सुटका नाही. प्रेमकथा वाचायचं मी पस्तिसाव्या वर्षी सोडलं. नर्सला त्यांचा पुढचा भाग माहीत असतो.

रहस्यकथेचं तसं नाही. तिसऱ्या पानावर प्रेत सापडतं, आणि पुढची दोनशे पानं एक माणूस दारोदार जाऊन विचारतो की हे कसं झालं. मेलेलं माणूस लाडकं होतं की दुष्ट, याची त्याला पर्वा नसते. तीस वर्षांच्या नोकरीत विहिरीतून काढलेल्या किती बाया माझ्यासमोर बाजेवर आणून ठेवल्या, मोजल्या नाहीत. कागदावर प्रत्येकीचा पाय घसरलेला. आपल्या भागात एवढ्या बायांचे पाय घसरतात आणि पुरुष मात्र काठावर पक्के उभे असतात. कोणीही दारोदार गेलं नाही. म्हणून त्या बायका शेवया वळता वळता श्वास धरून ऐकायच्या. कुठल्यातरी देशात विचारणारा माणूस असतो, एवढं त्यांना पुरत होतं.

हे तुला कळलं असेल असं मला वाटायचं.

असो. तू पत्राबरोबर तुझं नवं पुस्तक पाठवलंस, 'कोरडा दोर', आणि आत लिहिलंस, 'विजयमालाताईंस, ज्यांच्यामुळे मी ऐकायला शिकले.' ऐकायला. बरं. राग असला तरी न वाचलेलं पुस्तक घरात ठेवणं मला जमत नाही. उद्या वाचीन आणि मग या पत्राचा शेवट करीन.

*

१ डिसेंबर

वाचलं.

हे पुस्तक आसेगावात, मंगरुळात, वाशीमला कुठे कुठे गेलं आहे ते मला ताबडतोब कळव. प्रकाशकाला तार कर. या भागातल्या प्रती परत बोलाव. कारण मागशील म्हणून सांगते, ती गोष्ट कुठल्याही पुस्तकातली नव्हती. इंग्रजाचीही नव्हती. मी पुस्तक मांडीवर ठेवलं होतं खरं, पण ते उघडं नव्हतं.

कोणाची, ते विचारू नकोस.

आणि तळ्याची विहीर का केलीस? मी तळं सांगितलं होतं. इंग्लंडातलं तळं, बदकं असलेलं. तू त्याची विहीर केलीस, ओढ्याकाठचं शेत आणलंस, गावाचं नाव वासेगाव ठेवलंस. एका अक्षराचा आडपडदा. एवढी कंजुषी का?

विजयमाला

*

मंगरूळपीर
२२ डिसेंबर १९७४

ललिता,

तुझं पत्र मिळालं. तार केली नाहीस ते समजलं. परत बोलावण्यासारखं त्यात काही नाही असं प्रकाशकाचं मत असल्याचंही समजलं.

मी शनिवारी आसेगावला जाऊन आले. काय चाललं आहे ते ऐक. तुझं पुस्तक तिथल्या एकाने स्टँडवरून नेलं, आणि गेल्या महिन्याभरात ते अख्ख्या गावाने वाचलं किंवा वाचून घेतलं. उकंडरावाचा धाकटा भाऊ जगदेव ते खिशात घालून फिरतो. उकंडराव तुला आठवत असेल. बासष्ट साली ज्येष्ठात भर दुपारी स्वतःच्या विहिरीत पडून मेला. पिणारा, मारणारा, भागिरथाला दोनदा टाके मीच घातले होते. मागे भागिरथा आणि एक मुलगी. मुलगी सासरी गेली, भागिरथा ते आठ एकर एकटी करते. जगदेवला ते शेत बारा वर्षं सलतं आहे.

तो म्हणतो, वहिनीने भावाला मारलं, आता पुरावा आहे. रामराव सरपंचाने त्याला समजावलं की पोलीस पाटलाच्या पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं आहे, दोर काठावर पडलेला, ओला. बाईने टाकला होता, बुडणाऱ्याला धरता आला नाही. त्यावर जगदेवने काय उत्तर दिलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"पंचनामा तं हातानं लिवला हाय. हे छापलं हाय. पुन्यात छापलं. त्यायले काय पडली हाय खोटं छापाची?"

आणि लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या पुस्तकात दोर कोरडा आहे, म्हणून आता आसेगावातही दोर कोरडा होता. मुंबईचा तुझा तो सिगारेट ओढणारा गुप्तहेर दोर हातात घेऊन म्हणतो, 'पाण्यात न गेलेला दोर खोटं बोलत नाही.' हे वाक्य तिथली पोरंसोरं म्हणत फिरतात. भागिरथा पाण्याला निघाली की मागून कोणीतरी म्हणतं. जगदेव अकोल्याला अर्ज करणार आहे, केस उघडा म्हणून. अर्जाला पुस्तक जोडणार आहे.

आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून जेवढं माझं आहे तेवढं लिहिते. वाचून जाळ. जाळशील ना, की वही काढशील?

त्या दुपारी मला बोलावणं आलं तेव्हा मी पाव तासात पोहोचले. बाकी कोणी आलं नव्हतं. भागिरथा विहिरीच्या काठावर बसली होती, आणि दोर तिच्या शेजारी वेटोळं घालून ठेवला होता. मी त्याला हात लावला. मी वीस वर्षं रहस्यकथा वाचत होते, ललिता, दोराला हात लावल्याशिवाय राहणं मला शक्य नव्हतं. तो कोरडा होता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याशी जे बोलली ते मी लिहिणार नाही, तुला तर नाहीच. बादली भरलेली होती. ती मी दोरावर ओतली. मग माणसं आली.

ज्या पुस्तकांत शेवटी सगळं उघडकीस येतं ती मला प्रिय, आणि आयुष्यात एकदाच पुरावा माझ्या हाती आला तर मी तो भिजवला. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस. तू लिहितेस: 'मी गोष्ट समजून लिहिली. तू ती खरी आहे हे माहीत असून सांगितलीस.' तीन दिवस हे वाक्य मी खोडायचा प्रयत्न करते आहे.

चौसष्ट साली माझ्याकडची पुस्तकं संपली होती. नागपूरहून नवं पार्सल आलं नव्हतं. बायका जमल्या होत्या, पापडांचं पीठ मळून तयार, हिरीबाई म्हणाली, "आज काय मुक्यानंच लाटाचं काय वं?" मला वाटलं, नाव बदलू, देश बदलू, विहिरीचं तळं करू. ती चांगली गोष्ट होती, ललिता. मी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत तीच चांगली होती. खरं कारण एवढंच आहे. भागिरथा त्या दिवशी तिथे होती. पापड लाटत होती. एकदाही मान वर केली नाही, आणि पुढच्या दुपारपासून आली नाही. मी मनाला सांगितलं, शेताचं काम असेल.

तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवताना माझाही हात स्वच्छ नाही. पण तू ती म्हातारी का काढून टाकलीस? माझ्या गोष्टीत घरची म्हातारी गव्हर्नेस तळ्यावर येते आणि दोर पाण्यात बुडवते. तुझ्या पुस्तकात ती नाहीच. तुला वाटलं असेल, हिचं काय काम, हिच्यामुळे गुन्हेगार सुटतो. म्हणून तुझी नायिका गोदावरी फासावर गेली, आणि शेवटच्या ओळीत तुझा गुप्तहेर म्हणतो की स्त्रीचं मन विहिरीसारखं खोल असतं. हे वाक्य सुचायला तुला किती वेळ लागला?

आता एक कर. सरपंचाच्या नावाने एक पत्र लिही: मीच या पुस्तकाची लेखिका, हे सगळं मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून घेतलं, आसेगावशी त्याचा संबंध नाही. चार ओळी. त्या जगदेवला छापलेलंच लागतं, तर छापणाऱ्याचं पत्र चालेल. बाकी सगळं मी सोडून देते. पावलं, आंबाडी, सगळं तुझं.

विजयमाला

*

मंगरूळपीर
१९ जानेवारी १९७५

ललिता,

चार ओळी मिळाल्या. सरपंचाला नाही, मला. पुस्तक 'स्वतंत्र रहस्यकादंबरी' म्हणून स्पर्धेत पाठवलं आहे, इंग्रजीवरून घेतलं असं लेखी देता येणार नाही, प्रकाशक अडचणीत येईल. शिवाय तुझं नाव बाहेर आलेलं तुझ्या मुलाला चालणार नाही. मी समजून घ्यावं.

मी समजून घेतलं, आणि मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आसेगावला गेले.

ग्रामपंचायतीसमोर दुपारी माणसं बसली होती. सरपंच, पोलीस पाटील दौलतसिंग, जगदेव, आणखी पंधरा-वीस जण. बायका पलीकडे भिंतीशी उभ्या. भागिरथाला बोलावलं होतं, ती एकटी खाली बसली होती. मी उभी राहून सांगितलं की या पुस्तकाची गोष्ट इथली नाही. ती इंग्रजी गोष्ट आहे, मीच ती दहा वर्षांमागे माझ्या ओसरीवर पुस्तकातून सांगितली, ऐकणाऱ्या बायका इथे उभ्या आहेत. शाळेत तेव्हा ललिताबाई होत्या, त्यांनी ती ऐकून मराठीत उतरवली. तुझं नाव घेतलं. तुझ्या मुलाला सांग.

हिरीबाई भिंतीपासून म्हणाली, "व्हय. आमी सारवनातल्या पावलाची बी ऐकली, आन् ही बी ऐकली."

जगदेव म्हणाला, "मंग ते इंग्रजी पुस्तक दाखवा."

मी नेलं होतं. माझ्याकडे एक जुनी इंग्रजी रहस्यकथा आहे, कव्हर गेलेली, पहिली आठ पानं गेलेली, म्हणजे तिचं नाव कोणालाच सांगता येणार नाही. मी ती मधेच उघडली आणि वाचून दाखवली. बाई, नवरा, तळं, दोर. एका बोटाने ओळ धरून, मधे मधे थांबत, शब्द शोधल्यासारखं करत. समोरच्या पानावर एक साहेब उकडलेली अंडी खात होता आणि बायकोशी हवेबद्दल बोलत होता. कॉन्व्हेंटात मला वाचनाचं पहिलं बक्षीस होतं. मदरनी त्या दिवशी माझं वाचन ऐकलं असतं तर परत घेतलं असतं.

लोक ऐकत होते. इंग्रजी पुस्तक म्हणजे पुण्याच्या छापापेक्षा वरचढ, हे मी धरून चालले होते, आणि ते खरं ठरत होतं. पण जगदेव मूर्ख नाही. तो म्हणाला, नर्सबाईचं काय, ती भाकर थापायची पद्धत बी इंग्रजीतून वाचून दाखवेल. दुसऱ्याने वाचलं पाहिजे. आणि त्याने इंद्रभानला पुढे बोलावलं.

इंद्रभान म्हणजे आमच्या वस्तीतल्या गंगूचा मुलगा. तू गेलीस तेव्हा कॉलेजात होता. आता तुझ्याच शाळेत मास्तर आहे. जगदेव आणि तो एकाच मारुतीच्या पाराला टेकून बिड्या ओढतात असं नाही, पण त्याच्या बदलीचा कागद सरपंचाच्या हाती आणि सरपंच जगदेवचा सोयरा. त्याने पुस्तक घेतलं. मी बोट ठेवून पान दाखवलं, दुसरं काय करणार होते. तो वाचत होता, खरंच वाचत होता. माझ्या लक्षात आलं, कारण अंड्यांच्या ओळीवर त्याच्या भुवया वर गेल्या. उलटून पुढचं पान बघितलं. मग मागचं. 

जगदेव म्हणाला, "काय मास्तर? हाय का?"

इंद्रभानने पुस्तक मिटलं नाही. "हाय," तो म्हणाला. "बाईनं सांगतलं तसंच हाय. पुढच्या पानावर तं कोर्ट तिले सोडते. मंग ते गाव सोडून समुद्राच्या गावी जाते आन् टोप्याचं दुकान टाकते."

"कायचं?"

"टोप्याचं. बायाच्या टोप्या. पिसं लावलेल्या."

आधी दौलतसिंग हसला आणि मग सगळे. भागिरथा कापसाच्या शेतातून उठून पिसांच्या टोप्या विकते आहे हे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आलं असणार. सरपंच म्हणाला, "जगदेव, घरी जाय बाप्पा. इंग्रजायची भांडनं इथं आनू नोको." कोणीतरी त्याच्या खिशातलं तुझं पुस्तक काढून घेतलं. अर्ज आता जात नाही.

टोप्यांचं दुकान मी त्या दुपारी वाचलंच नव्हतं, ललिता. घाबरून विसरले होते. ते चौसष्ट साली ओसरीवर सांगितलं होतं. गंगू ओसरीच्या टोकाला बसायची. मी वर बोलावलं तरी सरकायची नाही. तिने घरी जाऊन पोराला सगळी गोष्ट सांगितली असणार, टोप्यांसकट. तुझ्या पुस्तकात ते दुकान नाही. एका ऐकणारीने अक्षर न येता शेवट जपून ठेवला, आणि दुसरीने वहीत उतरवून घेतला आणि बदलला.

इंद्रभानने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, अंडे लय वेळ उकडून राह्यले त्या सायबाचे." आणि गेला.

हे सगळं मी तुला विजयाची बातमी म्हणून कळवत नाही. मला आयुष्यात सुचलेली एकच गोष्ट होती. त्या दिवशी मी गावासमोर सांगितलं की ती माझी नाही, एका इंग्रजाची आहे. आता ती तुझीही नाही. स्पर्धेत जिंकलीस तरी आसेगावात तू नक्कल करणारीच राहशील, आणि मी भाषांतर करणारी. तक्रार करायची सोय राहिली नाही, ती मी स्वतःच मोडली.

एवढ्यावर थांबले असते. पण गाडीला वेळ होता म्हणून भागिरथाच्या घरी गेले. मला वाटलं होतं, ती पाणी देईल, बसा म्हणेल. खरं सांगते, मला आभार हवे होते. ती दारात आली. केस पांढरे झाले आहेत, टाक्यांची खूण कपाळावर अजून आहे. तिने मला आत बोलावलं नाही.

"नर्सबाई," ती म्हणाली, "दोनदा वाचवलं तुमी मले. त्या दिवशी बी आन् आज बी. ते मी इसरत नाई. पन मी एकाच मानसाले सांगतलं होतं."

मी काहीतरी बोलायला लागले. नावं बदलली होती, देश बदलला होता, असं काहीतरी. ती ऐकून घेत होती, जशी ऐकायची तशी, मान खाली घालून.

"त्या दिवशी पापड लाटताना मले वाटलं, आता बाई माहं नाव घेते, आता घेते. तुमी नाई घेतलं. पन मी बारा डाव मेली तिथं बसून. आता माह्या घरी येत जाऊ नका."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तुझ्याविषयी तिने एक शब्द काढला नाही. तू तिच्या हिशेबात नाहीसच. तिने भरवसा माझ्यावर ठेवला होता.

मी तुला लिहायची सगळी कठोर वाक्यं येताना गाडीत तयार केली होती. मंगरूळ येईपर्यंत त्यांतली एकही वापरण्यासारखी उरली नाही. प्रत्येक वाक्य तिने आधीच, माझ्याहून कमी शब्दांत, मला म्हटलेलं होतं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जायचं कारणही नाही. तुझी दोन्ही पुस्तकं या पत्राबरोबर परत करते आहे, त्या अर्पणाच्या ओळीसकट. मी भागिरथाच्या घरी जाणार नाही. तू मला पत्र लिहायचं नाहीस. दोन्ही एकाच दिवसापासून.

विजयमाला